मुरूम टाकून झाकलेली जमीन आणि खरंच साफ केलेली जमीन

बेळगावात सध्या जिकडं बघाल तिकडं लेआऊट पडायलेत, शेत गेलं, वीटभट्टी गेली, आता जुन्या शेड पण पाडून प्लॉट पाडायलेत. त्यातली एखादी शेड फवारणीच्या औषधाची असली, म्हणजे तिथं पावडर मिसळून पाकिटं भरत होते किंवा गोडाऊन होतं, की एजंटाचं वाक्य ठरलेलं असतंय, "काय काळजी करू नका, जमीन पूर्ण क्लीन करून घेतलीय." ह्या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळी कामं चालून जातात. एकात विष जागच्या जागीच असतं, फक्त वरनं झाकलेलं. दुसऱ्यात विष मातीतनं काढलेलं किंवा मोडून टाकलेलं असतं. वरनं बघितलं तर दोन्हीकडं सपाट लाल मुरूम आणि चुन्यानं आखलेले प्लॉट, फरक काही दिसत नाही.

आधी मातीत असतं काय ते बघू, कारण तिथंच बरीच माणसं फसतात. "बंद पडून वीस वर्षं झाली की, एवढ्या पावसात सगळं धुवून गेलं असेल" असं म्हणतात. मॅलॅथिऑनसारखं औषध असेल तर थोडंफार खरं आहे, ते मातीत काही दिवसांत-आठवड्यांत मोडतं. पण बीएचसी आणि डीडीटी ही जुनी कीटकनाशकं त्या जातीतली नव्हेत. पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, बीएचसी पावडरचा तो कुबट वास अजून नाकात असतो त्यांच्या. त्या पावडरीत किडीला मारणारा भाग, ज्याला लिंडेन म्हणतात, तो फक्त १० ते १५ टक्के, बाकीचं सगळं त्याचीच भावंडं, किडीला काही करत नाहीत पण मातीत वर्षानुवर्षं बसून राहतात. नुसतं लिंडेन वेगळं काढून विकायचं म्हटलं तर एक टन मालामागं आठ-दहा टन असला कचरा उरायचा, आणि जगभर तो बहुतेक ठिकाणी कारखान्याच्याच मागं खड्ड्यात ढकलला गेला. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. बंदी आली म्हणून आधी मातीत गेलेलं वर येत नाही. ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मातीच्या कणाला चिकटून बसतात, त्यामुळं पाऊस ती धुवून नेत नाही, नेलीच तर गढूळ पाण्याबरोबर मातीसकट शेजारच्या नाल्यात नेतो.

आता झाकणं. एक गोष्ट आधीच सांगतो, झाकणं म्हणजे फसवणूक असं नाही, जगात ही मान्य पद्धत आहे आणि काही ठिकाणी तीच शहाणपणाची. पण नीट झाकायचं म्हणजे खाली दाबून बसवलेली चिकणमाती, त्यावर एचडीपीईचा, म्हणजे जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर पाणी बाजूला काढणारा थर, मग वरची माती, आणि भोवतीनं नमुने काढायच्या विहिरी, ज्यांचं पाणी पुढं कायम तपासत राहायचं. दोन फूट मुरूम ओढून रोलर फिरवला, ह्याला झाकणं म्हणत नाहीत. मुरमातनं पाणी सरळ खाली जातं. बरं, काळी माती टाकली म्हणाल तर तिला एप्रिल-मे मध्ये हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, बैलहोंगलकडच्या माणसाला हे सांगायला नको. आणि बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, वेगळीच अडचण आहे, तिथं जुलै-ऑगस्टात विहिरी काठोकाठ येतात, म्हणजे वरचं पाणी अडवलं तरी खालनं वर चढणारं पाणी विषाला जाऊन भिडतंच. झाकण वरच्या पावसाला असतं, ह्याला काय करणार.

झाकलेल्या जागेचं पुढं काय होऊ शकतं त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं लव्ह कॅनॉल. हुकर नावाच्या केमिकल कंपनीनं १९४२ ते १९५३ मध्ये एका अर्धवट कालव्यात जवळजवळ २१ हजार टन कचरा पुरला, त्यात लिंडेनचा कचरा पण होता, वरनं चिकणमाती घातली आणि जागा शाळेच्या मंडळाला एक डॉलरला दिली. करारात खाली काय पुरलंय ते लिहिलं होतं बरं का, लपवलं नव्हतं. पण पुढं शाळा झाली, घरं झाली, ड्रेनेजच्या चाऱ्या खणल्या, रस्ता झाला, आणि प्रत्येक खणण्यात ते मातीचं झाकण फुटत गेलं. पाऊस आत शिरत राहिला, कालवा हौदासारखा भरला आणि तुंबून लोकांच्या तळघरात उतरला. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून माणसं हलवायला लागली. गंमत म्हणजे तो कचरा आजही तिथंच आहे. फरक एवढाच की आता नीट झाकण आहे, कुंपण आहे आणि खालनं झिरपणारं पाणी उपसून शुद्ध करायचं काम अजून चालू आहे.

साफ करणं ह्यात पण दोन-तीन तऱ्हा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे माती खणून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत जागी नेणं. हे झालं असं कोणी सांगितलं तर जरा गणित करा. एक एकर जागा, दोन मीटर खोल खणली तर आठ हजार घनमीटर माती निघते, वजनानं १३-१४ हजार टन, २० टनाच्या टिपरनं सातशेच्या आसपास खेपा. एवढे टिपर गावातनं गेले तर चहाच्या टपरीवाल्याला पण आठवतील. शिवाय धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत प्रत्येक खेपेला मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठनं कुठं नेला त्याचा कागद भरायला लागतो, फॉर्म १०. त्याच्या प्रती दाखवा म्हणा, एवढं एकच मागितलं तरी बोलणं बदलतं बघा.

खणणं म्हणजे सुरक्षित असंही नाही. स्पेनमध्ये साबिन्यानिगो गावाजवळ २०१४ ला लिंडेनचा कचरा जुन्या खड्ड्यातनं नव्या पक्क्या खड्ड्यात हलवला, त्या कामात विष गायेगो नदीत उतरलं. आणि आपलं भोपाळ. जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधनं पिथमपूरला नेऊन नंतर जाळला, लोकांना वाटलं चाळीस वर्षांनी कारखाना साफ झाला. तो गोडाऊनमध्ये भरून ठेवलेला कचरा होता. जमिनीतली माती वेगळी, तिचा नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०१० मध्ये काढलेला अंदाज ११ लाख टनांचा आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. कचरा उचलला आणि जमीन साफ झाली, हे धरून चालायचं नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे माती तापवणं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रोड्स भागात भोपाळवाल्या युनियन कार्बाइडचाच तणनाशकाचा कारखाना होता, तिथली डायॉक्सिन नावाच्या जहाल विषाची माती भट्टीतनं काढून, म्हणजे रसायन वाफ करून बाहेर काढून नष्ट करून, मग जागा बांधकामाला दिली. आज तिथं फ्लॅटचे टॉवर आहेत, लोक मजेत राहतात. पण शेजारच्या खाडीतल्या गाळाचा प्रश्न उरलाच, हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेले मासे खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे. न्यूझीलंडच्या मापुआत तर माती यंत्रात कांडून डीडीटी मोडायचा प्रयोग केला, २००४ ते २००७. डीडीटी कमी झालं, पण त्यात घातलेल्या तांब्यासारख्या गोष्टी खाडीच्या गाळात गेल्या, नंतर चौकशी झाली. म्हणजे साफ म्हटलेल्या जागेवर पण किती साफ, कशापुरती साफ, हा प्रश्न राहतो. पार्कला चालेल एवढी माती परसात मेथी लावायला चालेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं. लोक मातीचा रिपोर्ट दाखवतात आणि तो असतो सॉइल हेल्थ कार्ड! त्यात पीएच, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह असले बारा आकडे असतात, ऊस चांगला येईल का ते कळतं, बीएचसी आहे का ते कळत नाही. ऑर्गॅनोक्लोरीन, म्हणजे बीएचसी-डीडीटीच्या जातीच्या कीटकनाशकांची वेगळी तपासणी लागते, जोडीला आर्सेनिक आणि पारा, आणि ती मान्यताप्राप्त लॅबमधनं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नमुना कुठनं घेतला. वरनं सहा इंचाची माती घेतली तर ती कालपरवा टाकलेल्या मुरमाची तपासणी झाली की, रिपोर्ट स्वच्छच येणार. मुरमाच्या खाली, मूळ जमिनीत, दीड-दोन मीटरपर्यंत वेगवेगळ्या खोलीवर नमुने पाहिजेत, आणि जिथं पावडर मिसळायचे, जिथं गटार जायचं, तिथले वेगळे. सगळी माती एकत्र कालवून एकच नमुना दिला तर एका कोपऱ्यातलं विष आकड्यात दिसतच नाही.

कागदांचं म्हणाल तर डीसी साहेबांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेतीची ऑर्डर, बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा मंजूर नकाशा, ईसी म्हणजे बोजाचा दाखला, ह्यातलं कशातच खाली काय आहे ते लिहिलेलं नसतं. ईसीत बँकेचा बोजा दिसतो, बीएचसीचा नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी कळवायची, राज्य प्रदूषण मंडळानं तपासायची, खर्च विष सोडणाऱ्याकडनं वसूल करायचा, असं त्यात आहे. निदान लेखी अर्ज कुठं द्यायचा ते तरी आता ठरलंय.

माझं मत विचाराल तर नीट झाकलेली जागा गोडाऊनला, पार्किंगला, सोलरला चालते, कारण तिथं मालक एकच असतो आणि खणायचं काम नसतं. थर्टी-फॉर्टीच्या, म्हणजे तीस बाय चाळीस फुटाच्या घराच्या प्लॉटला नाही चालत. तिथं पहिल्याच वर्षी प्रत्येकजण संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी खणणार, सात-आठ फूट, मग पाया, मग सेप्टिक टँक, आणि महापालिकेचं पाणी आठवड्यानं आलं की बोअर. चाळीस प्लॉट म्हणजे त्या झाकणाला चाळीस मोठी भोकं, आणि नमुना विहिरीचं पाणी तपासायला पैसे कोण देणार म्हटलं तर लेआऊटवाला तोवर दुसऱ्या गावात नवीन बोर्ड लावून बसलेला असतो. म्हणून असल्या जागेचा प्लॉट दाखवला की पहिला प्रश्न दराचा नको, विष काढलंय की झाकलंय ते विचारा, आणि झाकलंय म्हणाले तर संप किती फुटापर्यंत खणायला परवानगी आहे ते लिहून मागा.