टेक-होम मात्रा व तंत्रसाहाय्य : ओपिऑइड व्यसनोपचार

हेरॉइन, ब्राउन शुगर किंवा अफूजन्य वेदनाशामके, म्हणजेच ओपिऑइड पदार्थ, यांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन अथवा मेथाडोन ही औषधे दीर्घकाळ दिली जातात. सुरुवातीस रुग्ण रोज केंद्रावर येऊन परिचारिकेसमोर मात्रा घेतो. प्रकृती स्थिरावल्यावर काही दिवसांचे औषध घरी नेण्यास मिळते, त्यास टेक-होम मात्रा म्हणतात. ती रुग्णानेच, ठरल्या वेळी घ्यावी आणि दुसऱ्याच्या हाती पडू नये, यासाठी तंत्रज्ञानाचे साहाय्य घेतले जाते.

कोकण किनाऱ्यावर रोजच्या फेरीची अट विशेष जाचक ठरते. खाडीपलीकडच्या वाडीतून तरीने आणि पुढे एस.टी.ने तालुक्याला जाऊन येण्यात दिवस मोडतो व मजुरी बुडते. मिरकरवाडा किंवा हर्णैहून खोल समुद्रात गेलेला खलाशी तर कित्येक दिवस परततच नाही. औषध असे तुटले की अंगदुखी, जुलाब आणि तलफ सुरू होते. त्यातच शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने नशेची पूर्वीची मात्रा घेतल्यास श्वास बंद पडण्याचा धोका असतो.

कोविडकाळात, मार्च २०२० मध्ये, अमेरिकेने स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे मेथाडोन घरी देण्याची मुभा दिली आणि २०२४ च्या नियमांनी ती सवलत कायम केली. भारतातही २०२० मध्ये ब्युप्रेनॉर्फिन घरी देण्यास वाव देण्यात आला.

इलेक्ट्रॉनिक पेटी ठरल्या वेळी त्या दिवसापुरतीच मात्रा बाहेर सोडते, पुन्हा कुलूपबंद होते आणि प्रत्येक उघडझाकीची नोंद ठेवते. मात्र औषध नेमके कोणी घेतले, हे पेटी सांगू शकत नाही. त्यासाठी मोबाइलवरील चित्रीकरण लागते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात, म्हणून रुग्ण कॅमेऱ्यासमोर आधी गोळी व शेवटी रिकामे तोंड दाखवतो. प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलचा आग्रह दऱ्याखोऱ्यांत आणि समुद्रावर निरर्थक आहे, कारण तेथे रेंजच नसते. चित्रण फोनमध्ये साठवून बंदरात आल्यावर पाठवण्याची पद्धतच येथे चालण्याजोगी आहे. ते फक्त केंद्रातील उपचारकांनीच पाहावे आणि रुग्णाच्या संमतीनेच घ्यावे, कारण वाडीत बातमी फुटली तर माणूस उपचारच सोडतो.

पेटी असली तरी ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी लागते. मोठ्यांची एक मात्राही लहान मुलाचा जीव घेऊ शकते. अतिमात्रा झाल्यास द्यायचा नॅलॉक्सोन हा उतारा घरात असावा आणि तो कसा द्यायचा हे घरच्यांना शिकवलेले असावे. खाऱ्या, दमट हवेत गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवणे बरे.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि स्थानिक खलाशी घरी असतात. रोजच्या देखरेखीचा पहिला टप्पा याच दोन महिन्यांत पार पडला, तर नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात जाताना स्थिरावलेल्या रुग्णाला पेटी सोबत देता येते.