भूगोलाच्या पुस्तकातली तीन गावे

भूगोलाचे पुस्तक राजधानीत लिहायचे आणि खेड्यातल्या गुरुजींनी ते शिकवायचे, ही वाटणी अनेक विकसनशील देशांत रुळलेली आहे. शिक्षकांना बोलावलेच, तर बहुधा मसुदा पक्का झाल्यावर.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) वेगळी वाट धरली गेली. तिथे 1972 साली 16 शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. पुढे 1982 साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तीच रीत सामाजिक अभ्यासाला लावली. धडा लिहायचा, सरकारी शाळेत शिकवून बघायचा, मुले अडतील तिथे शिक्षकांशी बोलून बदलायचा. सहावीच्या भूगोलात मैदान, डोंगर आणि पठार आले ते कोटगाव, पाहावाडी आणि बालमपूर या गावांच्या रूपाने. माती कसली, पाणी कुठून येते, पीक कोणते, याची तुलना मुलांनीच करायची. ‘सपाट माथ्याचा उंच प्रदेश म्हणजे पठार’ हे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला तिथल्या विहिरी लवकर का आटतात, हे सांगता येईलच असे नाही.

मूल नेमके कुठे अडते, हे वर्गात उभे राहणाऱ्यालाच दिसते. नकाशा भिंतीवर टांगला की उत्तर ‘वर’ जाते आणि मग नद्या ‘खाली’, म्हणजे दक्षिणेलाच वाहणार, असे मुले धरून चालतात. नर्मदा तर पश्चिमेला जाते! अनुभवी शिक्षक नकाशा जमिनीवर पसरून खऱ्या उत्तरेशी जुळवतात. पुस्तक लिहिणाऱ्या तज्ज्ञाला ही अडचण सुचणे कठीण, कारण त्याची ती कधीच सुटलेली असते.

2002 साली राज्य सरकारने हे उपक्रम बंद केले. मला तो निर्णय करंटेपणाचा वाटतो. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मात्र स्थानिक ज्ञानाला मान दिला.

आपल्याकडे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार निघते, ही चांगली सोय आहे. पण एका नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीचा धो धो पाऊस आणि येवल्याची कोरडी शिवारे, दोन्ही आहेत. येवल्याचे पान येवल्यातल्या बाईंनी लिहावे हे उत्तम, फक्त निवडणूक, जनगणना आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून त्यांना तेवढी सवड काढून द्यावी लागेल.