फोटो न पाहता फोटो ओळखणारं गणित

मुंबईतल्या अनेक शाळांमध्ये आता सायबर सुरक्षेवर व्याख्यानं होतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण या व्याख्यानांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘इंटरनेटवर गेलेला फोटो कायमचा गेला, तो कुणालाच काढता येत नाही.’ मुलांनी जपून राहावं म्हणून ते म्हटलं जातं, हे मला कळतं. तरी माझा त्याला ठाम विरोध आहे. एक तर ते पूर्ण खरं नाही, आणि दुसरं म्हणजे मूल जेव्हा खरोखर अडकतं तेव्हा ते वाक्य त्याच्याच विरुद्ध वापरलं जातं.

ब्लॅकमेल करणारा नेमकं हेच सांगत असतो. इन्स्टाग्रामवर ओळख वाढवायची, खासगी फोटो मिळवायचा किंवा साध्या फोटोवरून मॉर्फ करायचा, आणि मग धमकी द्यायची: पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो, एकदा पसरला की संपलं. शाळेत ऐकलेलं आणि धमकीत आलेलं एकच असेल, तर 15 वर्षांचं मूल आईबाबांकडे येईल कशाला? म्हणून पसरलेला फोटो यंत्र कसं शोधतं, ते जरा खोलात जाऊन सांगतो.

संगणकासाठी फोटो म्हणजे आकड्यांची भलीमोठी यादी. कुठल्याही फाइलवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून एक छोटा, ठरावीक लांबीचा आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. हॅशवरून मूळ फोटो परत तयार करता येत नाही. पण एसएचए-256 सारखा नेहमीचा हॅश आपल्या कामाचा नाही. त्यात एका पिक्सेलचा रंग किंचित बदलला तरी हॅशचे जवळपास निम्मे बिट, म्हणजे त्यातले शून्य-एक, उलटतात. पासवर्ड किंवा बँकेच्या व्यवहारासाठी हे उत्तम, फोटोसाठी मात्र कुचकामी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. डोळ्यांना तोच दिसतो, पण फाइल वेगळी झालेली असते.

म्हणून वेगळ्या जातीचा हॅश लागतो, फाइलचा नव्हे तर दिसण्याचा. मायक्रोसॉफ्टनं डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद यांच्यासोबत 2009 मध्ये ‘फोटोडीएनए’ तयार केलं ते यासाठीच. 2019 मध्ये फेसबुकनं ‘पीडीक्यू’ नावाची पद्धत सर्वांसाठी खुली केली. तिचं गणित उघड असल्यामुळे ती समजून घेता येते, आणि मला ती मनापासून आवडते.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या मुलीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. पीडीक्यू आधी रंग काढून टाकतं, फक्त उजेड-अंधार ठेवतं. मग फोटो 64 गुणिले 64 इतका लहान करतं. आता उरले 4096 ठिपके. यानंतर येतं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. शाळेतल्या त्रिकोणमितीतला तोच कोसाइन, लाटेसारखा वर-खाली होणारा. कुठलाही फोटो हा अशा उजेड-अंधाराच्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. काही लाटा संथ आणि रुंद असतात: वर उजळ आकाश, मधे काळे केस, खाली करडा कठडा. काही लाटा बारीक आणि वेगवान असतात: केसांच्या बटा, पाण्यावरची चमक, कापडाची वीण. फोटो दाबला, लहान केला, स्क्रीनशॉट काढला, की मार बसतो तो मुख्यतः बारीक लाटांना. रुंद लाटा जवळपास तशाच राहतात.

डीसीटीची कल्पना बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह डीसीटीवरचा शोधनिबंध 1974 मध्ये प्रसिद्ध केला. तुमच्या फोनमधला प्रत्येक जेपीईजी फोटो याच गणितानं साठवला जातो. म्हणजे जे गणित फोटो दाबताना वापरलं जातं, तेच दाबलेला फोटो ओळखायलाही उपयोगी पडतं!

पीडीक्यू सुरुवातीच्या रुंद लाटा किती प्रमाणात आहेत ते सांगणारे 16 गुणिले 16, म्हणजे 256 आकडे ठेवतं. सरासरी उजेड सांगणारी शून्य वारंवारतेची पदं त्यात घेतलीच जात नाहीत, त्यामुळे फोटो सगळीकडे सारखा उजळला तरी हे आकडे हलत नाहीत. मग या 256 आकड्यांचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढायचा. मध्यकाच्या वर असेल त्याला 1, नसेल त्याला 0. कॉन्ट्रास्ट वाढवला तर सगळे आकडे एकाच पटीत वाढतात, म्हणजे कोण मध्यकाच्या वर आणि कोण खाली हे साधारण तेच राहतं. हाती येते 256 शून्य-एकांची माळ. तोच फोटोचा हॅश.

जुळणी करायची ती दोन माळांत किती जागी फरक आहे ते मोजून. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन फोटोंत साधारण निम्म्या, म्हणजे 128 च्या आसपास जागा वेगळ्या निघतात. फरक 31 किंवा त्याहून कमी असेल तर ‘हा तोच फोटो’ असं धरलं जातं. 256 वेळा नाणं उडवून छापा 31 किंवा त्याहून कमी वेळा पडण्याची शक्यता लिहायची तर दशांश चिन्हानंतर 30 हून जास्त शून्यं लिहावी लागतील. खरे फोटो नाण्याइतके स्वैर नसतात, कोऱ्या भिंतीसारखे सपाट फोटो एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून पीडीक्यू हॅशबरोबर दर्जाचा आकडाही देतं, आणि तो कमी असेल तर जुळणीवर विश्वास ठेवला जात नाही.

आता याचा उपयोग. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेनं 2023 मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा जाहीर केली. फोटो टिपला तेव्हा वय 18 च्या आत असेल, तर जगातून कुठूनही, नाव न सांगता ती वापरता येते. हॅश आपल्याच फोनवर काढला जातो. फोटो फोनबाहेर जात नाही, जातो तो फक्त आकडा. सहभागी कंपन्या तो आपल्याकडच्या फोटोंशी ताडून पाहतात आणि जुळलेला फोटो काढून टाकू शकतात. 18 वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ ही अशीच सेवा 2021 च्या डिसेंबरपासून आहे. फोटो खरा की मॉर्फ केलेला, याच्याशी हॅशच्या गणिताला देणंघेणं नाही.

‘माझे फोटो वापरायला मी फेसबुकला परवानगी देत नाही’ हा मजकूर मात्र सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. त्यानं काहीही होत नाही. ‘हे पत्र 11 जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ म्हणणाऱ्या पोस्टकार्डांचाच तो वंशज आहे. पैसे घेऊन ‘सगळ्या इंटरनेटवरून फोटो पुसून देतो’ म्हणणाऱ्यांवरही अजिबात विश्वास ठेवू नका. असं कुणालाच करता येत नाही.

हॅशलाही मर्यादा आहेत. फोटोचा मोठा भाग कापला तर रुंद लाटाच बदलतात आणि जुळणी हुकते. सहभागी नसलेल्या साइटवर हॅश पोचतच नाही. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या चॅटमधला मजकूर कंपनीला दिसत नाही, तिथेही त्याचा हात पोचत नाही. पण फोटो सगळ्यांना दाखवण्याची धमकी असते ती बहुधा मोठ्या, उघड व्यासपीठांच्या जोरावर, आणि तिथे तो हात बऱ्यापैकी पोचतो.

घरच्यांसाठी दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. ‘काय झालं ते बघ’ म्हणून तो फोटो मामाला, काकाला किंवा शाळेला पाठवू नका. त्यानं आणखी एक प्रत तयार होते, आणि अल्पवयीन मुलांचे असे फोटो पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे. दुसरं, घाबरून लगेच सगळं डिलीट करू नका. हॅश काढायला फोटो हाताशी लागतो, आणि पोलिसांना धमकीचे मेसेज, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितलेला यूपीआय आयडी लागतो. पैसे दिले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तातडीनं फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीच्या तक्रारीसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. आणि मुलाला घरी बोलायची भीती वाटत असेल, तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर 24 तास चालू असतो. तो त्याच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या.