उन्हाळा वाढतोय : शेततळ्यातले मासे कसे सांभाळायचे?

एका रात्रीत मासे उलटे होऊन तरंगायला लागले की पहिला संशय येतो तो पाण्यात कोणी औषध टाकल्याचा. पण उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर होणाऱ्या अशा मरतुकीमागे बहुतेकदा एकच कारण असते, पाण्यातला प्राणवायू संपणे. वाढते ऊन आणि लहरी पाऊस शेततळ्याला गाठतात ते इथेच.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू हवा. तो ३ च्या खाली गेला की ते खाणे सोडतात आणि वर येऊन हवा घेऊ लागतात. पाण्यातले हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करते आणि रात्री तेच तो वापरते, म्हणून सर्वांत धोक्याची वेळ पहाटेची. तळ्यावर चक्कर मारायची ती उजाडण्याआधी. दुपारी सगळे ठीकच दिसते.

वळवाच्या पावसाची भीती त्याहून जास्त. कडक उन्हाच्या दिवसांत वरचे पाणी गरम आणि हलके राहते, तळाशी प्राणवायू नसलेले थंड पाणी साचते. अचानक वारा-पाऊस आला की वरचे पाणी गार होऊन खाली जाते आणि तळाचे कुजके पाणी वर येते. त्यात मळभ असेल तर शेवाळाचेही काम थांबते.

म्हणून आभाळ भरून आले की त्या दिवशीचे खाद्य बंद ठेवा. खाद्य आम्हीच विकतो, तरीही सांगतो : न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि उरलासुरला प्राणवायू खाते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडताना पाइप तळ्यात बुडवू नका. जमिनीखालच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून, फवाऱ्यासारखे पडू द्या. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवा. आणि तो विकत घेण्याआधी तुमच्या फीडरला (वीजवाहिनीला) रात्रीची वीज कोणत्या आठवड्यात असते ते बघा. वीज नसेल त्या रात्रींसाठी डिझेल पंप हाताशी नसेल, तर एरेटरचा उपयोग अर्धाच.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे बीज, म्हणजे माशांची पिल्ले, कमी सोडणे. कार्प माशांसाठी हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सांगितली जाते. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला हे ४५० ते ९०० होतात. एरेटर नसेल तर ५०० च्या आसपास थांबा. एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर येते; मासे तेवढेच असतात, पण मोठे झालेले. तेव्हा मोठे मासे आधी काढून विका, भावासाठी मे महिन्याची वाट पाहू नका.

पाऊस लांबला की बीजही उशिरा मिळते आणि तळे आटण्याआधी मासा भरत नाही. अशा ठिकाणी वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर ठेवलेले इयरलिंग सोडा. मोकळे पाणी मिळाले की ते झपाट्याने वाढतात. किंमत जास्त पडते, पण पाणी सहा-सात महिनेच टिकत असेल तर आम्ही हेच सुचवू. सांडव्याला जाळी लावलेली असू द्या; हल्ली एका रात्रीच्या पावसातही तळे भरून वाहते.

उन्हाला टिकतो म्हणून थाई मांगूर कोणी सुचवला, तर घेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे आणि ओढ्यात निसटला तर तो स्थानिक मासे संपवतो. आमच्याकडे तो मिळणार नाही.

पाणी फार हिरवे झाले का ते पाहायला हात कोपरापर्यंत बुडवा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर खाद्य आणि शेणखत दोन्ही थांबवा.

मासे वर येताना दिसले तर आधी पाणी हलवायला लागा, मग आम्हाला फोन करा. फोनवर पाण्याची खोली, पहाटेचे तापमान, सोडलेल्या बीजाची संख्या आणि आदल्या दिवशी टाकलेले खाद्य एवढे सांगा.