फिफ्थ व्हील ट्रेलर आणि पिकअप ट्रक : पंधरा टक्क्यांच्या गृहीतकाची पार्श्वभूमी

अमेरिकेत पिकअप ट्रक घ्यायला गेलेल्या माणसाच्या कानावर सगळ्यात आधी पडतो तो ओढण्याचा आकडा. हा ट्रक १५,००० पौंड ओढतो, तो १८,०००. ट्रेलर विकणारा सांगतो ते कोरड्या वजनाचं, म्हणजे पाणी, सामान, बॅटऱ्या यांतलं काहीच आत नसताना ट्रेलर किती भरतो ते. दोन्ही आकडे कागदोपत्री खरे असतात. पण त्यांच्या भरवशावर जमवलेली जोडी रस्त्यावर उतरली की ट्रकची मागची चाकं गरजेपेक्षा जास्त दबलेली दिसतात. हे का होतं, विशेषतः फिफ्थ व्हील ट्रेलरच्या (ज्याच्या पुढच्या टोकाची पिन बंपरमागे नाही, तर पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडली जाते) बाबतीत, हे समजून घ्यायचं तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे आकडे कसे ठरत गेले ते पाहावं लागतं.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. फिफ्थ व्हीलची जोडणी घोडागाड्यांच्या काळापासूनची. मालवाहू ट्रकांनी ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उचलली, आणि फिरत्या घरांसाठी पिकअपच्या हौद्यात ती रुळली १९६० आणि ७० च्या दशकांत. मागे दुहेरी चाकं असलेला पिकअप १९७३ मध्ये कारखान्यातूनच तयार मिळू लागला. खरी उलथापालथ डिझेल इंजिनांनी केली. १९८९ सालच्या एका गाजलेल्या डिझेल पिकअपचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, ४०० पौंड-फूट होता. २०१९ मध्ये तो १,००० वर गेला आणि २०२३ मध्ये एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या ट्रकचा १,२०० वर. चौतीस वर्षांत ओढण्याची ताकद तिप्पट झाली. मागचा एक्सल, स्प्रिंगा आणि टायर जे वजन पेलतात, ते मात्र त्या पटीत वाढलं नाही.

फिफ्थ व्हीलच्या बाबतीत सगळं अडतं ते या पेलण्यापाशी. बंपरमागे जोडलेल्या साध्या ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन ट्रकवर येतं. फिफ्थ व्हीलची पिन बसते हौद्यात, मागच्या एक्सलच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे. त्यामुळे ट्रेलर झोकांड्या खात नाही, वाऱ्यात स्थिर राहतो, आणि लोक त्याच्या प्रेमात पडतात ते याचसाठी. या स्थैर्याची किंमत मागचा एक्सल मोजतो. पिनवर येणारा सगळा भार जवळपास एकट्या त्याच्या वाट्याला येतो.

२००८ पर्यंत ओढण्याचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवत असे. कुठल्या चढावर, किती उन्हात, किती वेगाने चाचणी घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. जाहिरातींमधली चढाओढ इतकी वाढली, की दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थच उरला नाही. त्या वर्षी वाहन अभियंत्यांच्या संघटनेने एकच चाचणी लिहून काढली आणि त्यासाठी अ‍ॅरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा घाट प्रमाण मानला. सुमारे १८ किलोमीटरची ही सलग चढण. तापमान निदान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये; मागे दुहेरी चाकं असतील तर ३५ मैलांखाली. शिवाय १२ टक्के चढावर थांबलेल्या अवस्थेतून पाच मिनिटांत पाच वेळा निघून दाखवायचं, पुढे आणि रिव्हर्समध्येही. चाचणी कठोर आणि प्रामाणिक होती, यात शंका नाही.

ती स्वीकारायला मात्र उद्योगाने बराच वेळ घेतला. एका जपानी कंपनीने २०११ च्या मॉडेलपासून ती लागू केली आणि आपल्या ट्रकचे आकडे स्वतःहून खाली आणले. स्थानिक तीन मोठ्या कंपन्यांचं घोडं ‘आधी तुम्ही’ वर अडलं. एकीने नव्या पद्धतीचे कमी आकडे जाहीरही केले होते, पण प्रतिस्पर्धी हलत नाही म्हटल्यावर ते मागे घेऊन जुनेच पुन्हा लावले. अर्ध्या टनाच्या, म्हणजे हलक्या वर्गातल्या, पिकअपसाठी तिघींची सहमती झाली ती २०१५ च्या मॉडेलांपाशी, आणि अवजड ट्रक त्यानंतर हळूहळू आले. ज्या कंपनीने आधी पाऊल टाकलं तिचे ट्रक मधली काही वर्षं जाहिरातीत दुबळे दिसले. प्रामाणिकपणाची ही शिक्षा होती आणि ती अन्यायाची होती.

याच चाचणीत एक निर्णय असा झाला, की ज्यावरून आजही वाद पेटतात. ट्रकवर येणाऱ्या वजनाचं काहीतरी प्रमाण धरावंच लागतं. बंपरमागच्या ट्रेलरसाठी १० टक्के धरलं गेलं, आणि फिफ्थ व्हील व गूझनेक (हाही हौद्यातच जोडला जाणारा, बहुधा मालवाहू) ट्रेलरसाठी १५ टक्के. ट्रकमध्ये माणसं दोन, प्रत्येकी १५० पौंडांची.

या १५ टक्क्यांच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. गूझनेक ट्रेलरवर शेतकरी गवताच्या गाठी लादतो, ठेकेदार खोदाईयंत्र चढवतो. हा माल पुढे-मागे सरकवता येतो, आणि हवा तेवढाच भार पिनवर ठेवता येतो. चाचणीतल्या ट्रेलरवरही वजनं मांडूनच ठेवलेली असतात. राहण्याच्या ट्रेलरचं तसं नसतं. पिनच्या वरच्या उंचवट्यावर शयनगृह असतं, त्यात पलंग, कपाटं, काहींत वॉशिंग मशीनसाठी जागा. त्याच्या पुढच्या पोटात बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, कुठे जनरेटर. सामान ठेवायचा मोठा कप्पाही बहुधा तिथेच. ही रचना कारखान्यात ठरते आणि मालकाला ती बदलता येत नाही. म्हणून प्रवासाला निघालेल्या फिफ्थ व्हीलच्या पिनवर २० ते २५ टक्के वजन येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

फरक किती पडतो ते एका उदाहरणावरून पाहू. पाऊण टन वर्गातला (हे नुसतं वर्गाचं नाव, खरी क्षमता नव्हे) डिझेल ट्रक, पेलोड, म्हणजे ट्रकवर लादता येणारं जास्तीत जास्त वजन, २,५०० पौंड. भरलेला ट्रेलर १२,००० पौंडांचा, म्हणजे ओढण्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत. १५ टक्क्यांनी पिनवर १,८०० पौंड. दोन माणसांचे ३००, हौद्यातल्या लोखंडी हिचचे, म्हणजे जोडणीच्या सांगाड्याचे, २००. बेरीज २,३००. जोडी जमली. आता प्रत्यक्षातले २२ टक्के घ्या. पिनवरच २,६४० पौंड येतात, पेलोड तिथेच संपतो. माणसं आणि हिच धरून ३,१४०. मुलं, कुत्रा, हत्यारांची पेटी अजून मोजलेलीच नाही. ट्रक तोच, ट्रेलर तोच. एका हिशोबात पास, दुसऱ्यात ६४० पौंडांनी जास्त. माझ्या मते २००८ मध्येच राहण्याच्या ट्रेलरसाठी वेगळा, २० टक्क्यांच्या वरचा आकडा धरायला हवा होता. तसं झालं असतं तर जाहिरातीतले कित्येक मोठे आकडे खाली आले असते.

पेलोडचा आकडाही दिसतो तितका सरळ नाही. २०१४ मध्ये एका कंपनीने सर्वाधिक ओढणारा पिकअप आमचाच, असा दावा केला तेव्हा प्रतिस्पर्ध्याने त्याच्या वर्गवारीवरच बोट ठेवलं. त्या वर्गाची एकूण वजनाची, म्हणजे ट्रक आणि त्यावरचा भार मिळून, मर्यादा १४,००० पौंड. तिच्यात बसण्यासाठी कंपनी हिशोबातून स्टेपनी, जॅक, रेडिओ, मधला कन्सोल अशा वस्तू वगळते हे तेव्हा बाहेर आलं. वस्तू नको असल्यास ग्राहक त्या काढून घेऊ शकतो, हा त्यामागचा युक्तिवाद. नियमाच्या चौकटीत तो बसला, पण स्टेपनीशिवाय १२,००० पौंडांचं घर घेऊन कोण निघतं?

दुसरा गुंता १०,००० पौंडांचा. पाऊण टनाचे बरेच ट्रक कागदावर नेमक्या या एकूण वजनावर थांबवलेले असतात, कारण त्यापुढे व्यावसायिक वाहनांचे नियम आणि काही राज्यांत नोंदणीचा वाढीव खर्च सुरू होतो. एक्सलची क्षमता यापेक्षा जास्त असू शकते. म्हणून जाणकारांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ट्रकच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरवरचा पेलोडचा आकडा शेवटचा. दुसरा म्हणतो, एक्सल आणि टायर पाहा, बाकी कागदी आहे. मला पहिला तट बरोबर वाटतो, कारण ब्रेक, फ्रेम आणि वॉरंटी यांचा हिशोब एकट्या एक्सलवर होत नाही. आणखी एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच सांगतात: डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कित्येक शे पौंड जड असतं, त्यामुळे जास्त ओढणाऱ्या ट्रकला पेलायला कमी उरतं.

ज्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरची ही चर्चा, तो आला टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर केलेल्या २००० सालच्या कायद्यामागून. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर दिसतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपलीकडे जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. त्या विशिष्ट गाडीचं, तिच्यात बसवलेल्या सगळ्या सोयींसह, ते मोजमाप असतं. पुस्तिकेतल्या सरासरी ट्रकचं नव्हे.

महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांवर वजनकाटे असतात. त्यांच्या तीन फळ्यांवर पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर वेगवेगळे मोजले जातात. ट्रेलर जोडून एकदा, आणि तो बाजूला उभा करून नुसता ट्रक दुसऱ्यांदा, असं वजन केलं की ट्रकच्या दोन्ही वजनांतला फरक म्हणजे पिनवरचा खरा भार. ट्रेलर घेण्याआधी हे शक्य नसतं. तेव्हा ट्रेलरची कमाल वजनमर्यादा घ्यावी आणि तिच्या २२ ते २५ टक्के पिनवर धरून चालावं. कोरडं वजन या हिशोबात घेऊच नये.

अलीकडच्या टोइंग पुस्तिकांत फिफ्थ व्हीलच्या पिनसाठी १५ ते २५ टक्के असा पट्टा छापलेला आढळतो. तो तळटिपेत असतो. वरच्या तक्त्यात ठळक अक्षरांतला ओढण्याचा आकडा मात्र अजूनही १५ टक्के धरूनच काढलेला असतो.