उकळीतले हॉप्स आणि ड्राय हॉपिंग: कडवटपणा येतो कुठून?

इंदूरच्या मायक्रोब्रुअरीत आयपीएचा, म्हणजे भरपूर हॉप्सवाल्या कडू बिअरचा, ग्लास समोर आला की हमखास कानावर पडतं, "हिच्यात ड्राय हॉपिंग केलंय, म्हणून एवढी कडू." हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं; आंबवण झालेल्या बिअरमध्ये ती न उकळता टाकली की झालं ड्राय हॉपिंग. वाढणारा सांगतो, पिणारा मान डोलावतो, आणि टाकीवर नव्यानं उभा राहिलेला मुलगाही तेच धरून हॉप्सचं वजन ठरवतो. हे साफ चूक आहे. बॅचच्या बॅच त्यापायी बिघडतात.

उकळीतल्या हॉप्सचं काम बहुतेकांना ठाऊक असतं. वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, उकळायला लागलं की पेलेट्स (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) टाकायचे, तासभर चांगली खळखळती उकळी ठेवायची, माल्टच्या गोडीला कडवटपणाचा तोल येतो. हिशेबही सोपा. ५०० लिटर बिअर, ३० आयबीयू (कडवटपणाचं एकक) हवेत, हाताशी १२ टक्के अल्फा ॲसिडचा (ज्यातून कडवटपणा येतो तो घटक) मॅग्नम जातीचा हॉप आहे आणि तासाभरात त्यातला साधारण २३ टक्के अल्फा कामी येतो, तर साडेपाचशे ग्रॅम हॉप्स पुरतात. वर्ट घट्ट असेल तर थोडे जास्त. बस्स.

खरी गफलत पुढे आहे. त्याच ५०० लिटरमध्ये आंबवण झाल्यावर लिटरला ६ ग्रॅम या मापानं ३ किलो सिट्रा (हॉप्सची एक सुगंधी जात) टाकतात. सिट्राच्या पाकिटावरही अल्फा १२ टक्क्यांच्या आसपास लिहिलेला असतो. साडेपाचशे ग्रॅमनं ३० आयबीयू दिले, मग ३ किलो म्हणजे जहर, असं वाटणं साहजिक आहे. हे ३ किलो तासभर उकळले असते तर कागदावर १६५ आयबीयू आले असते आणि बिअर तोंडात धरवली नसती. पण फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या टाकीत) ते होत नाही. का, ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

हॉप्सच्या फुलात पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते, ल्युप्युलिन. अल्फा ॲसिड आणि सुगंधी तेलं, दोन्ही तिच्यातच. अल्फा ॲसिड आहे त्या रूपात बिअरमध्ये जेमतेम विरघळतं आणि जिभेला फारसं कडू लागत नाही. उकळीत त्याच्या रेणूची मांडणी बदलते, आयसो-अल्फा तयार होतं. ते विरघळतं आणि तेच कडू लागतं. या बदलाला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. ८० अंशांच्या खाली तो अगदी मंदावतो, आणि फर्मेंटर असतो १५ ते १८ अंशांवर. तिथे पेलेट्स आठवडाभर पडून राहिले तरी आयसो-अल्फा बनत नाही.

तेलांचं नेमकं उलटं. मायर्सीनसारखी तेलं वाफेबरोबर उडून जातात. तासाभराच्या उकळीनंतर सुगंध नावापुरता उरतो. म्हणून ती थंड बिअरमध्ये, शेवटी द्यायची. पोह्यांवर जिरावण (इंदुरी मसाला) ताटलीत वाढल्यावरच भुरभुरतात, त्यातलाच प्रकार. थोडक्यात, उकळीचे हॉप्स निवडताना अल्फा बघा. ड्राय हॉपिंगला तो आकडा बघूच नका, तेलाचं प्रमाण आणि ताजेपणा बघा. ड्राय हॉपिंगसाठी अल्फावरून हॉप्स निवडणारी रेसिपी दिसली तर ती बाजूला ठेवावी.

आता एक बारकावा, नाहीतर कोणी प्रयोगशाळेचा कागद पुढे करेल. ड्राय हॉपिंगनं कडवटपणा अजिबात हलत नाही असं नाही. साठवणीत अल्फाचं थोडं ऑक्सिडेशन होऊन ह्युम्युलिनोन बनतात. ते थंडीतही विरघळतात आणि आयसो-अल्फाच्या साधारण दोन तृतीयांश कडू असतात. सौम्य बिअर त्यामुळे किंचित कडू होते. पण आधीच कडक असलेल्या बिअरमधून हॉप्सचा गाळ आयसो-अल्फा ओढून घेतो आणि ती उलट मऊ होते. आयबीयू मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत २७५ नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला गेला एवढंच बघतात. त्यात ह्युम्युलिनोन, कच्चं अल्फा, पॉलिफेनॉल सगळंच मोजलं जातं. म्हणून भरपूर ड्राय हॉप केलेल्या बिअरचा तो आकडा जिभेशी जुळत नाही.

मग ड्राय हॉपिंगनंतर बिअर घशाला खरखरीत लागते ती कशानं? बहुतेक वेळा दोनच कारणं. एक, पीएच. लिटरमागे ४ ग्रॅम हॉप्स टाकले की तो ०.१ च्या आसपास चढतो, आणि चढलेल्या पीएचला आहे तोच कडवटपणा बोचतो. दुसरं, पाणी. माळव्यातल्या बोअरिंगचं जड, बायकार्बोनेटवालं पाणी आरओ न करता वापरलं तर मॅशपासूनच (धान्य गरम पाण्यात भिजवण्यापासूनच) पीएच वर राहतो. दोष हॉप्सवर जातो, दुरुस्ती मात्र लॅक्टिक ॲसिड आणि पाण्याच्या मिसळणीत असते.

माप लिटरला ४ ते ८ ग्रॅम ठेवा. त्यावर सुगंध फारसा वाढत नाही, गवताळ, पालेदार चव वाढते, आणि किलोमागे पाच ते दहा लिटर बिअर गाळात अडकते ती वेगळी. मुदत दोन-तीन दिवस. आठवडाभर ठेवा असं सांगणाऱ्या जुन्या रेसिपी सोडून द्या. पेलेट भिजताच फुटतो आणि पहिल्या दिवसातच बराचसा सुगंध देऊन टाकतो.

टाकताना टाकीचा दाब आधी हळूहळू उतरवा. बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पेलेट्सच्या खडबडीत अंगावर एकदम सुटतो आणि हिरवा फेस वरच्या तोंडातून उसळून जमिनीवर येतो. थोडे-थोडे टाका, आणि तोंड उघडं असेपर्यंत वरून कार्बन डायऑक्साइडचा झोत चालू ठेवा. आत गेलेला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत सुगंध मारतो आणि सोनेरी बिअर तपकिरी करतो.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते यानंतर. हॉप्सबरोबर थोडी एन्झाइमंही येतात. यीस्टला न पचलेली डेक्स्ट्रिन्स (लांब साखळीच्या शर्करा) ती तोडतात, यीस्टला नवी साखर मिळते आणि आंबवण पुन्हा सुरू होते. १.०१४ वर थांबलेलं गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता) १.०११ पर्यंत उतरतं आणि सोबत डायअसेटिल बनतं, लोणी लावलेल्या पॉपकॉर्नसारख्या वासाचं. याच वेळी घाईनं टाकी थंड केली तर यीस्ट झोपी जातं आणि तो वास बिअरमध्ये कायमचा राहतो. म्हणून १८ ते २० अंशांवर थांबा. गुरुत्व लागोपाठ दोन-तीन दिवस तेच आलं की नमुना झाकून ६० अंशांवर अर्धा तास ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास नसेल तरच थंड करा. उकळीतल्या हॉप्समुळे ही भानगड कधीच होत नाही. उकळीत एन्झाइमं मरतात.

मधला प्रकार व्हर्लपूलचा, म्हणजे उकळीनंतर वर्ट गोल फिरवून गाळ मधे बसवतात त्या टप्प्याचा. उकळी बंद केल्याबरोबर हॉप्स टाकले तर वर्ट अजून ९५ अंशांच्या वर असतं, कडवटपणा बऱ्यापैकी येतो. सुगंधच हवा असेल तर आधी ८० अंशांपर्यंत उतरवा.

या सगळ्या मापांचा संबंध परवानाधारक ब्रुअरीशी आहे. मध्य प्रदेशात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे.

साठवणीतही उकळीच्या आणि ड्राय हॉपिंगच्या हॉप्सना एकच नियम लागत नाही. हॉप्स बव्हंशी जर्मनीतल्या हालेरटाऊ, चेकियातल्या झाटेट्स किंवा अमेरिकेतल्या याकिमाहून येतात, आणि मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत चाळीस अंशांत पडलेलं पाकीट इंदूरला पोचेपर्यंत बरंच काही गमावून बसलेलं असतं. अल्फा घटला असेल तर उकळीत वजन वाढवून भागतं. उडालेला सुगंध वजन वाढवून भरून निघत नाही. म्हणून पाकीट उघडल्यावर पेलेट बोटांनी चुरडून हुंगा: चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर ड्राय हॉपिंगला वापरू नका. उरलेले हॉप्स हवा काढून सीलबंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.