उपकरण-पत्ता (गृहस्वयंचलन)

घरातले दिवे, पंखे, गिझर, पडदे एका यंत्रणेला जोडले, की कोणता आदेश कोणासाठी आहे हे ओळखता यावे म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिला जातो. तोच उपकरण-पत्ता.

स्कॉटलंडमध्ये १९७५ साली तयार झालेल्या एक्स-टेन पद्धतीत घराच्या वायरिंगमधूनच आदेश जात. ए ते पी या १६ अक्षरांपैकी एक घराचे, १ ते १६ पैकी एक आकडा उपकरणाचा. एकूण २५६ पत्ते. मॉड्यूलवरच्या (उपकरण ज्याला जोडायचे त्या छोट्या डबीवरच्या) दोन चकत्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवल्या की काम झाले. मात्र वीजतारा भिंतीपाशी थांबत नाहीत. एकाच फेजवरच्या दोन फ्लॅटनी तेच अक्षर ठेवले, तर एकाच्या रिमोटने शेजारचा दिवा लागू शकतो.

केएनएक्स या घर-इमारतींच्या स्वयंचलनाच्या दुसऱ्या पद्धतीतला १.१.५ असा पत्ता पुणेकराला लगेच उमगतो: पेठ, गल्ली, घर नंबर. तो देताना बोर्ड उघडून उपकरणावरचे प्रोग्रामिंगचे बटण दाबतात, लाल दिवा लागतो आणि लॅपटॉपवरून पत्ता उतरवला जातो. एका वेळी एकाच उपकरणाचा लाल दिवा लागलेला हवा; दोन पेटले की गोंधळ. याशिवाय १/१/४ असा गट-पत्ता असतो. तो वस्तूचा नव्हे, कामाचा. 'हॉलचे दिवे' या कामाला एक गट-पत्ता दिला, की दाराजवळचे बटण, सोफ्याशेजारचे बटण आणि छतातले चारही दिवे त्याच पत्त्याने बांधले जातात. पुढे बटण बदलले तरी काम तेच राहते. या पद्धतीची खरी ताकद इथे आहे.

झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीत नियंत्रकच पत्ते वाटतो, तिच्या मूळ रूपात एका जाळ्यात जास्तीत जास्त २३२.

आज पुण्यात कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये किंवा विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सामानात वाय-फायची उपकरणे सहज दिसतात. त्यांना राउटर पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो. वीज जाऊन आली की १९२.१६८.१.२० वरचा दिवा १९२.१६८.१.२३ वर गेलेला असू शकतो, आणि जुन्या पत्त्यावर बेतलेला आदेश वाया जातो. म्हणून उपकरणाचा मॅक क्रमांक (कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) पाहून राउटरमध्ये पत्ता राखून ठेवावा.

पत्त्यांची यादी कागदावर लिहून डीबीच्या (घरातल्या वीजवाटप पेटीच्या) दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणे फार मोलाचे. खोली, उपकरण, पत्ता, बसवल्याची तारीख एवढे पुरते. पुढे येणारा वायरमन वेगळा असतो, आणि त्याला हाच कागद लागतो.